खडकीच्या वखारीत घनफुटाचा हिशेब

सुगी उरकली, हातात चार पैसे आले की गावाकडे घराचे बेत सुरू होतात. कुणाला पडवी वाढवायची असते, कुणाला गोठ्यावर नवे छप्पर घालायचे असते, कुणाच्या घरी लग्न ठरलेले असते आणि त्याआधी दाराची कुजलेली चौकट बदलायची असते. सिमेंट, विटा, लोखंड यांचे भाव सगळ्यांना तोंडपाठ. लाकडाचा विषय निघाला की मात्र आपण म्हणतो, "ते मिस्त्री बघतील." मिस्त्री बघतात, वखारवाला बघतो, आणि आपण फक्त पैसे मोजतो.

म्हणून आज तुम्हाला खडकीला घेऊन जायचे आहे. मावळ, खेड, जुन्नर या बाजूच्या माणसाला पुण्याच्या पेठांत शिरण्याआधी खडकी लागते. लोणावळ्याहून लोकलने आलात तर दापोडी सोडल्यावर मुळा नदीचा पूल लागतो, आणि पुढचे स्टेशन खडकीच. लाकडाची मोठी बाजारपेठ पुण्यात भवानी पेठेत आहे. तिला टिंबर मार्केटच म्हणतात. तिथे जरूर जा. पण मापाचा धडा खडकीपासून गिरवत गेलात तर पुढे कुठल्याही वखारीत तुम्हाला कोणी गोंधळात पाडू शकणार नाही.

स्टेशनावरचा पहिला धडा

खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतची आगगाडी १८५८ साली सुरू झाली. रुळांखाली आज सिमेंट काँक्रीटचे स्लीपर दिसतात. पूर्वी ते लाकडाचे असत. जुने काढलेले लाकडी स्लीपर लिलावात विकले जात, आणि त्यांचे फाटकाचे खांब, गोठ्याचे दांडे केलेले तुम्हीही कुठे कुठे पाहिले असतील. रुंद रुळांच्या मार्गावरचा लाकडी स्लीपर साधारण ९ फूट लांब, १० इंच रुंद आणि ५ इंच जाड असे.

आता त्या एका स्लीपरमध्ये लाकूड किती? लांबी फुटात घ्यायची, रुंदी आणि जाडी इंचात घ्यायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि १४४ ने भागायचे. ९ गुणिले १० गुणिले ५ म्हणजे ४५०. त्याला १४४ ने भागले की ३.१२५. म्हणजे तीन घनफूट आणि वर एक अष्टमांश.

हे १४४ कुठून आले? एक फूट म्हणजे १२ इंच. बारा इंच रुंद आणि बारा इंच जाड ठोकळ्याचे तोंड १४४ चौरस इंचांचे होते. असा ठोकळा एक फूट लांब असला की झाला एक घनफूट. वखारीत ज्याला नुसते "फूट" म्हणतात, ते पुष्कळदा हे घनफूट असते. साधारण एका हाताला कवळता येणार नाही एवढा चौकोनी ठोकळा डोळ्यांपुढे आणा. वाळलेल्या सागाचा असा ठोकळा साधारण १८ ते २० किलो भरतो. एवढे एक सूत्र पाठ झाले की निम्मे काम झाले. शाळेतल्या सातवीच्या मुलीला विचारा, ती झटक्यात करून दाखवील.

मापाचे गाव

स्टेशनातून बाहेर पडून छावणीच्या रस्त्याने चालू लागा. ५ नोव्हेंबर १८१७ या दिवशी पेशव्यांची फौज आणि इंग्रज यांची लढाई झाली ती या खडकीच्या माळावर. मराठ्यांच्या बाजूने सेनापती बापू गोखले होते. त्या लढाईनंतर पेशवाई फार काळ टिकली नाही, आणि पुढे इथे इंग्रजांची छावणी वसली. सरळ रस्ते, आखलेली आवारे, मोठमोठी झाडे ही त्या छावणीची खूण अजून दिसते. आज डोक्यावरून मेट्रो जाते, तरी खाली खडकी बाजार आपला गजबजलेलाच असतो.

१८६९ साली इथे दारूगोळ्याचा कारखाना निघाला. २०२१ साली देशातल्या अशा सरकारी कारखान्यांच्या कंपन्या झाल्या, तेव्हा हाही नव्या कंपनीत गेला. पण कारखाना आहे तिथेच आहे. पूर्वी सैन्यात थ्री-नॉट-थ्री बंदूक होती, तिचे नाव तुम्ही ऐकले असेल. हे नाव म्हणजेसुद्धा एक माप आहे. इंचाचे हजार भाग केले तर त्यातले ३०३ भाग, एवढी तिच्या नळीच्या भोकाची रुंदी. तिथे केसाएवढी चूक चालत नाही. शेजारीच बॉम्बे सॅपर्सचे ठाणे आहे. पूल बांधणे, रस्ता करणे, सुरुंग काढणे ही या जवानांची कामे. पुलाची तुळई वीतभर आखूड पडली तर नदीत माणसे पडतील, म्हणून तिथेही सगळे मोजूनमापून.

अशा गावात येऊन आपण मात्र लाकूड "बघा, बरोबर द्या" म्हणून घ्यावे, हे काही बरे नाही.

तसू, सूत आणि मीटर

आपल्या आजोबा-पणजोबांना माप कळत नव्हते असे समजू नका. "तसूभरही मागे हटणार नाही" असे आपण अजून म्हणतो. हा तसू म्हणजे सुताराच्या गजाचा चोविसावा भाग. वीत, हात, गज, तसू यांच्यावर आपले वाडे आणि देवळे उभी राहिली. अडचण एवढीच होती की गज सगळीकडे सारखा नव्हता. एका पेठेतला गज दुसऱ्या गावच्या गजाशी जुळत नसे, आणि मधल्या फरकात कोणाचे तरी नुकसान होई.

मग इंग्रजी फूट-इंच आले. स्वातंत्र्यानंतर १९५६ च्या कायद्याने मीटर-किलोची दशमान पद्धत आली आणि १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. आता २००९ चा वैध मापनाचा कायदा आहे. कायद्याने व्यवहार मीटरमध्ये व्हायला हवा. वखारीत मात्र अजून फूट आणि इंचच बोलतात, आणि सुतार बोलतो "सूत". एका इंचाचे आठ सूत. दोन सूत म्हणजे पाव इंच, चार सूत म्हणजे अर्धा इंच. एक सूत म्हणजे तीन मिलिमीटरला किंचित जास्त.

आपल्याला दोन्ही भाषा आल्या पाहिजेत. वनखात्याच्या डेपोतला लिलाव आणि परदेशातून आलेल्या लाकडाचे व्यवहार घनमीटरमध्ये होतात. एक घनमीटर म्हणजे ३५.३ घनफूट. घनमीटरचा भाव कानावर आला की त्याला ३५.३ ने भागा, घनफुटाचा भाव निघेल.

वखारीत शिरल्यावर

वखार खडकीतली असो, भवानी पेठेतली असो की तुमच्या तालुक्याच्या गावची असो, चित्र एकच. भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या फळ्या, जमिनीवर रचलेले चौरस दांडे, मागे करवतीचा आवाज, पायाखाली भुसा, आणि ओल्या लाकडाचा वास. शेठ गादीवर किंवा खुर्चीवर. "या काका, काय काढलंय? घर का?" तुम्ही भाव विचारता. शेठ आकडा सांगतात, "इतके रुपये फूट."

इथेच पहिला प्रश्न विचारायचा: "शेठ, कोणतं फूट?"

कारण वखारीत तीन फूट असतात. पहिले धावते फूट, म्हणजे नुसती लांबी. रीप, पट्ट्या, मोल्डिंग अशी बारीक वस्तू धावत्या फुटाने देतात. दुसरे चौरस फूट, म्हणजे लांबी गुणिले रुंदी. प्लायवूड, पातळ फळ्या, तयार दारे चौरस फुटाने. तिसरे आपले घनफूट. खांब, तुळई, वासे, चौकट हे घनफुटाने. एकाच दुकानात तिन्ही भाव असतात, आणि ऐकणारा तिन्हींना "फूट"च ऐकतो. स्वस्त वाटलेला भाव धावत्या फुटाचा निघाला, तर घरी आल्यावर हिशेब दुप्पट-तिप्पट झालेला असतो.

आता एक सोपी युक्ती. तोंडाच्या मापाचा गुणाकार करा आणि १४४ ला त्याने भागा. एका घनफुटात त्या जाडीचे किती धावते फूट बसतात ते कळेल. ४ बाय ३ इंचाचा दांडा असेल तर ४ त्रिक १२, आणि १४४ भागिले १२ म्हणजे १२ फूट. ३ बाय २ चे २४ फूट. ६ बाय ३ चे ८ फूट. ४ बाय अडीचचे १४ फूट आणि वर थोडे. कौलाखालची २ बाय १ ची रीप असेल तर एका घनफुटात ७२ फूट. एवढे पाच आकडे खिशातल्या डायरीत लिहून ठेवा.

समजा दाराची चौकट करायची आहे. उंची ७ फूट, रुंदी साडेतीन फूट, लाकूड ५ बाय अडीच इंच. दोन उभे मिळून १४ फूट. वरची गणेशपट्टी आणि खालचा उंबरा मिळून ७ फूट. एकूण २१ फूट. २१ गुणिले ५ गुणिले अडीच म्हणजे २६२.५, भागिले १४४, म्हणजे १.८२ घनफूट. सांध्यासाठी मिस्त्री लांबी थोडी जास्त मागतील, ती त्यांना विचारून आधीच धरा. पण कोणी सरळ "दोन फूट लावू" म्हणाले, तर त्या "सरळ" शब्दात लाकडाचा दहावा हिस्सा गेला. चौकट एक असेल तर फरक थोडा. घराला सहा दारे आणि आठ खिडक्या असतील तर त्या फरकात एखादी खिडकी होऊन गेली असती.

गोठ्याचेही तसेच. दहा फुटी १४ वासे, ४ बाय अडीचचे. १४० फूट लांबी, गुणिले १०, भागिले १४४, म्हणजे ९.७२ घनफूट. वर ३०० फूट रीप २ बाय १ ची, म्हणजे ४.१७ घनफूट. घरून निघतानाच हा कागद करून न्या. वखारीत उभे राहून, करवतीच्या आवाजात, शेठच्या गणकयंत्राकडे बघत हिशेब होत नाही.

चार बाय तीन म्हणजे चार बाय तीनच का?

आता मुख्य गोष्ट. टेप काढा आणि ४ बाय ३ म्हणून दाखवलेल्या दांड्याला लावा. पुष्कळदा तो पावणेचार बाय पावणेतीन भरेल. नुसते दोन-दोन सूत कमी, त्यात काय एवढे? गुणाकार करून बघा. चार त्रिक बारा. पावणेचार गुणिले पावणेतीन म्हणजे १०.३१. बारातून पावणेदोनाच्या आसपास गेले. म्हणजे लाकडाचा जवळजवळ सातवा हिस्सा. सात दांड्यांचे पैसे दिले आणि सहा दांड्यांचे लाकूड घरी आले.

यात नेहमीच लबाडी असते असे नाही. ओंडका करवतीवर चिरताना करवतीच्या पात्याएवढे लाकूड भुशात जाते. मग रंधा मारला की प्रत्येक बाजूचा सूतभर थर निघतो. दोन बाजू धरल्या तर पाव इंच. त्याशिवाय लाकूड ओले असताना चिरले असेल तर वाळल्यावर ते आकसते. लांबीला जवळजवळ आकसत नाही, रुंदीला आणि जाडीला आकसते. पावसाळ्यात दार फुगून बसते आणि उन्हाळ्यात फटी पडतात, ते याच कारणाने.

सातासमुद्रापलीकडेही हेच आहे. अमेरिकेत घरे लाकडाचीच बांधतात, आणि तिथले सगळ्यांत प्रसिद्ध माप म्हणजे "टू बाय फोर". ते प्रत्यक्षात मोजले तर दीड इंच बाय साडेतीन इंच भरते. नावाच्या मानाने एक तृतीयांश लाकूड कमी! पण तिथे हे प्रमाण लिहून ठरलेले आहे. घेणाऱ्याला माहीत, विकणाऱ्यालाही माहीत. आपल्याकडे अडचण तेवढीच: एकाला माहीत असते, दुसऱ्याला नसते.

म्हणून दुसरा प्रश्न विचारायचा: "शेठ, हे चिरीव माप की रंधलेलं?"

शेठ म्हणतील, "काका, बाजारात चार बाय तीन असंच येतं."

त्यावर रागावायचे कारण नाही. म्हणायचे, "येऊ द्या की शेठ. मग हिशेब टेपच्या मापानं करा, नाहीतर भाव त्या हिशेबानं सांगा." दोन्हींपैकी काहीही चालेल. जाणता शेठ हसून कबूल करतो, कारण समोरचे गिऱ्हाईक मोजून घेणारे आहे हे त्याला कळलेले असते.

मिस्त्रींशीही हे आधी बोलून ठेवा. तयार चौकट बरोबर ४ बाय ३ हवी असेल, तर चिरीव लाकूड त्याहून पाव इंच जास्तच घ्यावे लागेल. नाहीतर मिस्त्री म्हणणार, "दादा, लाकूडच बारीक आणलंय, मी काय करू?"

माप घेताना दांड्याच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये, असे तीन ठिकाणी टेप लावा. एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला बारीक असे दांडे असतात. डोळा लावून सरळपणा बघा, पीळ बघा, गाठी बघा. कडेचे पांढरट लाकूड किती आणि आतला पक्का गाभा किती हेही बघा. घनफूट दोन्हींचे सारखेच भरते, पण वाळवी आधी पांढऱ्याला लागते. मापात बसलेले सगळेच लाकूड कामाचे असते असे नाही.

प्लायवूड घ्यायचे असेल तर त्याचा पूर्ण ताव ८ फूट बाय ४ फूट, म्हणजे ३२ चौरस फूट. जाडी मिलिमीटरमध्ये सांगतात. १९ मिलिमीटरचा म्हणून घेतला तर कडेला पट्टी लावून बघा. साध्या प्लायवर आय.एस. ३०३ आणि पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायवर आय.एस. ७१० असा शिक्का असतो. न्हाणीघराजवळ लावायचा असेल तर तो दुसरा शिक्का बघूनच घ्या.

आपले झाड विकताना

आतापर्यंत आपण घेणारे होतो. पण शेतकरी विकणाराही असतो. बांधावर चार साग आहेत, पोराच्या शिक्षणाला किंवा पोरीच्या लग्नाला ते काढायचे आहेत. व्यापारी येतो, झाडाभोवती एक फेरी मारतो आणि म्हणतो, "मामा, चारींचे मिळून उक्ते इतके देतो." आणि वीस-पंचवीस वर्षे वाढवलेले झाड आपण पाच मिनिटांत अंदाजपंचे देऊन टाकतो.

गोल ओंडक्याचे माप निराळे असते. त्याला पाव घेराचे माप म्हणा. ओंडक्याच्या मध्यावर दोरी गुंडाळून घेर मोजायचा, त्याचा चौथा भाग काढायचा, त्या चौथ्या भागाचा वर्ग करायचा, लांबीने गुणायचे आणि १४४ ने भागायचे. ओंडका १२ फूट लांब आणि घेर ४० इंच असेल, तर पाव घेर १० इंच. दहा दाहे शंभर, गुणिले १२, भागिले १४४. उत्तर ८.३३ घनफूट.

ही रीत इंग्लंडातल्या एडवर्ड हॉपस याने १७३६ साली छापलेल्या कोष्टकांमुळे सगळीकडे पसरली. त्या वर्तुळाचे खरे गणित केले तर ओंडक्यात १०.६ घनफूट लाकूड असते. पाव घेराच्या रीतीत पाचवा हिस्सा आणि वर थोडे कमी धरले जाते. का? तर गोल ओंडका चौकोनी करताना साल आणि कडेच्या फळ्या वाया जातात, त्याची सूट घेणाऱ्याला आधीच दिलेली असते. म्हणून लक्षात ठेवा: ही सूट एकदा दिली आहे. पुन्हा कोणी "सालीचे कापा, वाकाचे कापा, वाया जाईल त्याचे कापा" म्हणू लागला, तर "कशाचे किती?" असे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. आणि गोल मापाचा भाव वखारीतल्या चिरीव लाकडाच्या भावाशी ताडू नका. चिरीव लाकडात करवतीची मजुरी, भुसा आणि वाया गेलेले लाकूड धरलेले असते.

घेर मोजताना दोरी स्वतः धरा. चाळीसऐवजी कोणी ३८ इंच लिहिले तर ओंडका ७.५२ घनफूट भरतो. दोन इंचांत जवळजवळ दहावा हिस्सा गेला! कारण घेराचा वर्ग होतो. लांबीतल्या चुकीपेक्षा घेरातली चूक दुप्पट महाग पडते. दोरी सैल नको, तिरकी नको, गाठीवरून नको. साल धरून मोजायचे की साल काढून, ते आधी ठरवा. उभे झाड असेल तर छातीच्या उंचीवर, जमिनीपासून साडेचार फुटांवर घेर घ्यायची पद्धत आहे. वर झाड बारीक होत जाते हे ध्यानात ठेवून अंदाज करावा.

एक गोष्ट विसरू नका. झाड आपल्या मालकीच्या जमिनीतले असले, तरी सागासारख्या झाडांना तोडण्याआधी परवानगी लागते. महाराष्ट्रात त्यासाठी १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे. लाकूड गावाबाहेर न्यायचे तर वाहतुकीचा पास लागतो. व्यापारी म्हणेल, "ते सगळं मी बघतो मामा." त्याने बघावे, पण कागदावर नाव तुमचे असते. आधी वनखात्याच्या कचेरीत जाऊन तुमच्या झाडाला कोणता नियम लागू आहे ते विचारा, आणि त्या अर्जात लिहिलेले घेर आणि लांबीचे आकडे स्वतःजवळ उतरवून ठेवा.

जुन्या घराचे लाकूड

पुणे परिसरात जुन्या लाकडाला मान आहे. शनिवारवाडा १७३० ते १७३२ या काळात उभा राहिला, तेव्हा त्याच्यासाठी साग जुन्नरच्या जंगलातून आणला होता. १८२८ च्या आगीत तो वाडा जळाला, पण त्या काळचा साग अजून लोकांच्या तोंडी आहे. तसले लाकूड आता जंगलात सहज मिळत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीकडचा आलापल्ली आणि बल्लारशाचा साग नावाजलेला आहे, पण महाग. ब्रह्मदेशाने २०१४ पासून गोल ओंडके बाहेर पाठवणे बंद केले. म्हणून पाडलेल्या वाड्याचे खांब, तुळया, कडीपाट यांना चांगले गिऱ्हाईक असते.

तुमच्या गावात जुने घर पाडायचे असेल तर हे आठवा. "सगळं लाकूड उक्तं देऊन टाका, जागा मोकळी होईल" असे सांगणारा येईलच. त्याआधी एक दिवस घरातल्या सगळ्यांनी मिळून मोजणी करा. एकाने टेप धरायचा, एकीने वहीत लिहायचे. खांब किती, लांबी किती, तोंडाचे माप किती. आढे, तुळई, वासे, पाट, दारे निरनिराळ्या पानांवर. जिथे खाचा आणि भोके आहेत, टोक कुजले आहे, तेवढी लांबी सोडून द्या. बेरीज केली की घरात किती घनफूट साग उभा आहे ते प्रथमच कळेल, आणि पुष्कळ घरांत तो आकडा बघून म्हातारी माणसेसुद्धा चकित होतात. मग उक्ते द्यायचे की घनफुटाने, ते तुम्ही ठरवा.

निघण्यापूर्वी

वखारीतून माल उचलण्याआधी पावतीवर प्रत्येक जातीचे नाव, नगांची संख्या, लांबी, रुंदी, जाडी आणि एकूण घनफूट लिहून घ्या. नुसते "लाकूड सामान" आणि खाली रक्कम, अशी पावती घेऊ नका. टेम्पोत माल भरताना नग मोजा, आणि घरी उतरवताना पुन्हा मोजा. माप कमी भरले आणि दुकानदार ऐकत नसेल, तर शासनाच्या वैध मापन विभागाकडे तक्रार करता येते. पण पावतीवर माप लिहिलेले असेल तरच ती तक्रार उभी राहते.

धान्य विकताना आपण काट्यावरून नजर हलवत नाही. दूध घालताना मापाचा फेस खाली बसेपर्यंत थांबतो. लाकूड आयुष्यात दोन-तीनदाच घेतो, म्हणून त्याची सवय नसते, एवढेच. सोळा फुटी टेप, एक वही, पाच आकडे आणि दोन प्रश्न, एवढे बरोबर असले की पुरे. पुढच्या वेळी खडकीला उतराल तेव्हा घरच्या बाईमाणसाला आणि शाळेत जाणाऱ्या पोराला सोबत घ्या. तुम्ही दांडा निवडा, पोराने टेप धरावा, बाईने वहीत लिहावे. संध्याकाळच्या लोकलने परत जाताना हिशेब पुन्हा एकदा ताडून पाहा. चौकट बसेल, दार लागेल, आणि ज्या लाकडाचे पैसे दिले तेवढे लाकूड घरात उभे असेल.